केबलचा दर दिल्लीत ठरतो. राजारामपुरीनं तिथं कसं बोलावं

वसुलीला आलेल्या पोराशी भांडून केबलचं बिल कमी झाल्याचं कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुणी ऐकलेलं नाही. तो म्हणतो, "कंट्रोल रूमनं वाढवलंय, मी काय करू?" आणि पुढचा जिना चढतो. त्याचं खरंही असतं. मग गल्लीत दोन मतं पडतात: नगरसेवकाला धरू, नाहीतर कलेक्टर कचेरीत अर्ज देऊ. दर या दोघांच्याही हातात नाही. ९ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारनं केबल आणि प्रक्षेपण या सेवा दूरसंचार सेवांमध्ये धरल्या, तेव्हापासून दराचे नियम दिल्लीत, दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे म्हणजे ट्रायकडे आहेत. त्या नियमांत महापालिकेला ठरवून दिलेली खुर्ची नाही. पण ट्राय नियम बदलायच्या आधी लोकांची मतं मागवते, आणि तिथं मत द्यायला महापालिकेलाही मनाई नाही, बाराव्या गल्लीतल्या मंडळालाही नाही.

आता हे करण्याला जास्त अर्थ आहे. ८ जुलै २०२४ च्या दुरुस्तीनं नेटवर्क कपॅसिटी फीवरची, म्हणजे बिलात एनसीएफ लिहिलेलं असतं त्या रकमेवरची, कमाल मर्यादा उठली. वेगळ्या भागासाठी, वेगळ्या ग्राहकवर्गासाठी वेगळी फी लावायची मुभा वितरकाला, म्हणजे आपण जिला कंट्रोल रूम म्हणतो त्या कंपनीला, मिळाली. पुण्यात एक दर आणि कोल्हापुरात दुसरा, हे आता नियमात बसतं. असं असेल तर कोल्हापुरातलं चित्र दिल्लीला कोण दाखवणार? ते आपणच कागदावर मांडायचं. पहिले टप्पे एकट्या घराला जमतील. पुढचे मात्र अपार्टमेंटनं, गल्लीनं किंवा मंडळानं मिळून करायचे आहेत.

बिल फोडा

आधी आपण पैसे कशाचे देतो ते पाहायचं. रिचार्जचा मेसेज, पावती, कंट्रोल रूमच्या ॲपमधलं खातं, जे असेल ते समोर घ्या. पावती मिळतच नसेल तर ती आधी मागा. बाकी सगळा डोलारा तिच्यावर उभा राहतो. बिलात तीन गोष्टी असतात: एनसीएफ, पैसे भरून घ्यायची चॅनेलं, आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. बॉक्सचं भाडं, जोडणी आणि दुरुस्तीचे आकार वेगळे.

समजा एनसीएफ १३० रुपये, मराठी-हिंदीचं एक पॅकेज ६० रुपये आणि सुटं घेतलेलं एक चॅनेल १९ रुपये. बेरीज २०९. त्यावर १८ टक्के कर ३७ रुपये ६२ पैसे. एकूण २४६ रुपये ६२ पैसे. तुम्ही देता ३००. मधले ५३ रुपये ३८ पैसे कुठल्या सदरात बसतात, एवढाच तुमचा प्रश्न. "केबल महाग झाली" अशी तक्रार कुणी ऐकून घेत नाही. ५३ रुपये ३८ पैशांचं मात्र उत्तर द्यावं लागतं.

बिलावर जीएसटी लावला असेल तर जीएसटी क्रमांक आहे का ते बघा. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण नोंदणी नसेल तर कर वसूल करायचा अधिकारही नाही. ३०० रुपये महिना धरला तर साडेपाचशेहून थोड्या जास्त जोडण्यांना ही उलाढाल गाठली जाते. म्हणजे आपल्या गल्लीतला छोटा केबलवाला या रेषेच्या अलीकडेही असू शकतो, पलीकडेही.

दुसरा टीव्ही असेल तर त्याचा हिशेब वेगळ्या ओळीत लिहा. जास्तीची रक्कम पुष्कळदा तिथंच दडलेली असते.

जाहीर दर शोधा

एनसीएफवर मर्यादा नाही याचा अर्थ तोंडी काहीही सांगावं असा होत नाही. वितरकानं आपले सगळे दर जाहीर केले पाहिजेत, ग्राहकांना कळवले पाहिजेत आणि ट्रायलाही दिले पाहिजेत. वितरक म्हणजे गल्लीतला केबलवाला नव्हे, त्याला सिग्नल देणारी कंपनी, आपल्या बोलीत कंट्रोल रूम. तिचं नाव बॉक्स सुरू करताना पडद्यावर येतं. तिच्या संकेतस्थळावर दरपत्रक शोधा आणि तारखेसकट छापून ठेवा. चॅनेलची किंमत टीव्हीवरच्या चॅनेलयादीतही दिसायला हवी.

जुने आकडे मनात धरून बसू नका. १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत सुरू झाली तेव्हा १०० साध्या चॅनेलांसाठी १३० रुपये ही एनसीएफची कमाल होती. करासह १५३ रुपये ४० पैसे. तो आकडा लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की आजही गल्लीत कुणीतरी ठासून सांगतं, "ट्रायचा रेट १५३ आहे." आता तो नाही. त्या आकड्यावर तक्रार केलीत तर पहिल्याच उत्तरात गार व्हाल. सुट्या चॅनेलांच्या बाबतीत १९ रुपयांचा आकडा अजून उपयोगाचा आहे: त्याहून महाग चॅनेल कंपनीला पॅकेजमध्ये घालता येत नाही.

इथं केबलवाल्याची बाजूही माहीत असू द्या. एनसीएफची वाटणी आपसात ठरली नसेल तर कंट्रोल रूमला ५५ आणि गल्लीतल्या केबलवाल्याला ४५ टक्के असा ट्रायचा आधार आहे. १३० रुपयांतले साडेअठ्ठावन्न रुपये त्याचे. त्यात पोराचा पगार, पावसात खांबावर चढणं, तुटलेली वायर, सगळं. तो वर चार पैसे का लावतो ते यावरून कळतं. बिलात सदर नसताना ते घेणं मात्र यानं बरोबर ठरत नाही.

तक्रार नोंदवा, क्रमांक घ्या

कंट्रोल रूमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा. केबलवाल्याला केलेला फोन इथं धरला जात नाही. बोलणं संपायच्या आत तक्रार क्रमांक मागून घ्या. सिग्नल नसेल तर २४ तासांत, बिलाची तक्रार असेल तर ७ दिवसांत निकाल लागला पाहिजे आणि परतावा निघत असेल तर तो तक्रारीपासून ३० दिवसांत मिळाला पाहिजे, असं २०१७ चे सेवा-गुणवत्तेचे नियम सांगतात.

फोननं काम झालं नाही तर राज्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव-पत्ता कंपनीनं जाहीर केलेला असतो, आणि त्याला दहा दिवसांची मुदत असते. मजकूर असा पुरे:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक, बॉक्स क्रमांक अमुक. अमुक महिन्यात माझ्याकडून ३०० रुपये घेतले. आपल्या अमुक तारखेच्या दरपत्रकाप्रमाणे मी निवडलेल्या चॅनेलांची करासह रक्कम २४६ रुपये ६२ पैसे होते. उरलेले ५३ रुपये ३८ पैसे कोणत्या सदराखाली घेतले ते लेखी कळवावे. सदर नसल्यास रक्कम परत करावी. आधीचा तक्रार क्रमांक अमुक."

यात राग नको, लूट-पिळवणूक असले शब्द नकोत. चढ्या भाषेला साहेब लोक सरावलेले असतात, बेरीज-वजाबाकीला सरावलेले नसतात.

इतकं करूनही भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. एका घराचे दोन वर्षांचे १,२८१ रुपये होतात. त्यासाठी कोण हेलपाटे घालणार? चाळीस घरं एकत्र आली की तीच रक्कम ५१ हजारांवर जाते, आणि सारखंच गाऱ्हाणं असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. ट्रायला थेट वैयक्तिक तक्रार पाठवू नका. ती संस्था एकेकट्याचे तंटे सोडवत नाही, कागद कंपनीकडे धाडून मोकळी होते.

कलेक्टर कचेरीत काय मागायचं, काय नाही

नागाळा पार्कातल्या कचेरीत दराचा अर्ज दिलात तर तो फिरून परत येईल. १९९५ च्या केबल कायद्यात जिल्हादंडाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी हे प्राधिकृत अधिकारी आहेत खरे, पण त्यांचं काम नोंदणी, सक्तीची दूरदर्शन चॅनेलं, कार्यक्रम आणि जाहिरातींची आचारसंहिता हे बघणं. बिननोंदणीचा धंदा चालत असेल तर सामान जप्त करायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. २००८ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा देखरेख समितीचीही सोय आहे. तीत पोलीस अधीक्षक असतात, जिल्हा माहिती अधिकारी असतात. तिचंही लक्ष पडद्यावर काय दिसतं याकडे, बिलाकडे नाही.

तरीही दोन गोष्टी तिथं मागण्यासारख्या आहेत. एक, आपल्या भागातल्या केबलवाल्यांची नोंदणी चालू आहे का. पूर्वी ही नोंदणी मुख्य टपाल कचेरीत ५०० रुपये भरून वर्षाला होत असे. जानेवारी २०२५ च्या दुरुस्तीनं ती केंद्राच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर गेली, फी ५,००० रुपये आणि मुदत पाच वर्षं. दोन, देखरेख समितीच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं. ती माहितीच्या अधिकारात मागा: अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. बैठक झालीच नसेल तर तसं लेखी येईल, आणि तो कागद पुढं कामाला येतो.

एक गोष्ट जुन्या लोकांना आठवेल. जीएसटी यायच्या आधी, १ जुलै २०१७ पर्यंत, केबलवर राज्याचा करमणूक कर होता आणि महसूल खात्याची करमणूक कर शाखा जोडण्या मोजायची. तेव्हा निदान जिल्ह्यात कुणाकडे तरी जोडण्यांचा आकडा असायचा. आता तोही धागा तुटला.

गल्लीचा तक्ता

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. एका गल्लीतली पंचवीस-तीस घरं घ्या. मेन रोडवरची दुकानं, दवाखाने, लॉज यांची यादी वेगळी करा, त्यांचा ग्राहकवर्ग वेगळा धरला जातो. प्रत्येक घरामागे एक ओळ: गल्ली क्रमांक, कंट्रोल रूमचं नाव, टीव्ही किती, जाहीर दराप्रमाणे किती व्हायला हवं, प्रत्यक्ष किती दिले, पावती मिळाली का, न मागता चॅनेल लावलं का. नावं नकोत, घरांना फक्त क्रमांक द्या. सगळ्यांनी एकाच महिन्याचं बिल घ्यायचं, नाहीतर तुलना फसते.

विचारायला जाणारा माणूस गल्लीतला असावा. गणपतीच्या वर्गणीला जी पोरं जिना-जिना हिंडतात त्यांना कुठल्या घरात दुपारी कोण असतं ते ठाऊक असतं. त्यांच्याकडं हे काम द्या, फक्त वर्गणीच्या दिवसांत नको. दोन पावत्या एकदम पुढं आल्या तर माणूस दार लावून घेतो.

तक्त्यात एक रकाना जरूर ठेवा: डिश न घेता केबल का ठेवली? कोल्हापुरात याचं उत्तर बहुतेक वेळा गावचं चॅनेल हे असतं. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना, गणपतीची मिरवणूक, आणि पावसाळ्यात पट्टीवरून सरकणारी राजाराम बंधाऱ्याची पातळी: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राजारामपुरी उंचावर असली तरी निम्म्या घरांचे पाहुणे नदीकाठाला असतात. ही चॅनेलं वितरकाची स्वतःची मानली जातात. नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांची संख्या एकूण चॅनेलक्षमतेच्या पाच टक्क्यांपुरती, आणि जिल्हा पातळीवर आणखी दोनपर्यंत चालवता येतात. ग्राहक यांच्यासाठी केबलला बांधलेला आहे, म्हणून महाग पडलं तरी तो सहज डिशकडं वळत नाही. बाजारात स्पर्धा आहे तेव्हा दर मोकळा सोडायला हरकत नाही, असं मानणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असण्याचं कारण नाही. ती तुमच्या तक्त्यानं सांगायची.

महापालिकेचा ठराव

दराच्या प्रश्नात बोलायची जागा अमेरिकेत नगरपालिकांना कायद्यानंच दिली होती. १९९२ च्या केबल कायद्यानं तिथल्या नगरपालिकांना, संघराज्याच्या आयोगाकडून प्रमाणपत्र घेऊन, मूलभूत चॅनेलसंचाचा दर तपासायचा अधिकार दिला. १९९६ नंतर वरच्या संचाच्या दराची तक्रारसुद्धा आयोगाकडे नगरपालिकेनंच न्यायची, तीही ग्राहकांच्या तक्रारी आल्यावर, असं झालं. तो भाग ३१ मार्च १९९९ ला संपला. तिथल्या गावांना हे वजन रस्त्यावरून वायर न्यायच्या परवान्यामुळं आलं. रस्त्याचा अधिकार आपल्याकडंही सार्वजनिक प्राधिकरणांकडं आहे, केबल कायद्याच्या ४ब कलमात. दराशी मात्र त्याचा सांधा जुळवलेला नाही. तेव्हा "दर कमी करा नाहीतर वायरी काढू" असली भाषा ठरावात येऊ देऊ नका, ती टिकणार नाही.

राजारामपुरी विभागीय कार्यालयात तक्त्यासह निवेदन द्या आणि पोच घ्या. ती प्रत आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला द्या आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडायला सांगा. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यावर कोल्हापूरला बराच काळ सभागृहच नव्हतं, प्रशासकच होते. अशा वेळी निवेदन आयुक्तांच्या नावे द्यावं आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात विषय घालावा. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात. मजकूर आपणच लिहून दिला तर बरा, नाहीतर "केबल कंपन्यांचा तीव्र निषेध" एवढंच इतिवृत्तात उरतं. असा चालेल:

"महानगरपालिका क्षेत्रातील केबल ग्राहकांनी सादर केलेला सोबतचा तक्ता या सभेने पाहिला. वितरकांना भागानुसार वेगळी फी लावण्याची मुभा असल्याने, कोल्हापूरसाठी लागू होणारा दर अंमलात येण्यापूर्वी महानगरपालिकेस लेखी कळवण्याची आणि तो मराठीत जाहीर करण्याची तरतूद नियमात करावी, अशी शिफारस ही सभा दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे करते."

मागणी एकच, आणि नियामकाला करता येण्यासारखी. दर अमुक इतकाच करा अशी मागणी महापालिकेकडून गेली तर अधिकार कुठला, या प्रश्नातच कागद अडकेल. ठराव झाल्यावर नगरसचिवांकडून क्रमांक आणि तारखेसह प्रमाणित प्रत घ्या.

दिल्लीला पाठवणं

ट्रायच्या कायद्यात कारभार पारदर्शक ठेवायचं बंधन आहे. त्यामुळं मोठा नियम बदलण्याआधी सल्लापत्र निघतं. २०२४ ची दुरुस्ती ८ ऑगस्ट २०२३ च्या अशाच सल्लापत्रातून आली. साधारण चार आठवडे लेखी मतांना, पुढं दोन आठवडे इतरांच्या मतांवर प्रतिमत द्यायला, नंतर खुली चर्चा. केबल-प्रक्षेपणाचं सल्लापत्र निघालंय का हे बघायचं काम एका माणसाकडं नेमून द्या, महिन्यातून एकदा संकेतस्थळ पाहिलं तरी चालतं.

सल्लापत्रात प्रश्नांना क्रमांक असतात. आपला मुद्दा ज्या प्रश्नात बसतो त्याचा क्रमांक वर लिहून उत्तर द्या. कुठंच बसत नसेल तर शेवटी "इतर मुद्दे" असा प्रश्न बहुधा असतो, तिथं लिहा. सोबत तक्ता, ठरावाची प्रत, आणि असेल तर देखरेख समितीच्या बैठका झाल्या नसल्याचं माहिती अधिकारातलं उत्तर. दोन पानांवर जाऊ नका. मराठीत लिहिलं तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेवा, वाचणारा अधिकारी मराठी असेलच असं नाही.

आलेली मतं ट्राय संकेतस्थळावर टाकते. म्हणून ग्राहक क्रमांक, फोन, पत्ते असलेली बिलं जोडायची नाहीत, जोडलीच तर ते भाग काळे करून. मतं प्रसिद्ध झाली की आपलं पत्र यादीत आहे का ते बघा, आणि मोठ्या वितरकांनी भागवार दराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. दोन आठवड्यांच्या प्रतिमताच्या मुदतीत त्यातल्या एखाद्या विधानाला तुमच्या तक्त्यातली ओळ लावून उत्तर देता येतं. बाहेरचे ग्राहक या टप्प्यावर फारसे नसतात, त्यामुळं तुमचं पान गर्दीत हरवत नाही.

आदेश निघाला की त्याच्या शेवटी स्पष्टीकरणाचं टिपण असतं, कुठली मतं आली आणि प्राधिकरणानं काय ठरवलं याचं. त्यात स्थानिक संस्थांच्या मागणीचा उल्लेख आहे का शोधा. असेल तर तो परिच्छेद आणि नसेल तर तसं लिहून, ठरावाच्या फायलीला लावायला नगरसचिवांकडं एक प्रत द्या. पुढच्या सल्लापत्राच्या वेळी त्याच ठरावाचा क्रमांक आणि नव्या महिन्याचा तक्ता, एवढ्यावर भागतं.